उतार

एजंट पोरगा म्हणाला, खरं तेच लिहा, पण थोडक्यात.
होय किंवा नाही. 'होय' असेल तिथे एक ओळ.
क्रिस्तियानसुंदचं बंदर धुक्यात गेलं होतं,
मी स्वयंपाकघरात, चष्मा पुसत.

छप्पर गळतं का? नाही.
उंदीर? एकदा. मांजराने निकाल लावला.
शेजाऱ्यांशी वाद? होता, गुनवोरशी, बारा वर्षं.
आता वादही नाही, गुनवोरही नाही.
नाही, असं लिहिलं.

मग सहावा प्रश्न:
घरातलं कुठलं काम
अप्रशिक्षित माणसाने केलं आहे का?

एइलिफ ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा.
बोटीवर पाणी घटकेत इकडे, घटकेत तिकडे,
मोरी मध्ये असली की झालं.
त्याच हिशोबाने त्याने ईस्टरच्या सुट्टीत
न्हाणीघराची फरशी बसवली, एकट्याने,
ओठांत पेन्सिल, कोणाला आत येऊ न देता.
पहिल्या आंघोळीचं पाणी
मोरीकडे पाठ फिरवून निघालं
आणि उंबऱ्याशी येऊन थांबलं,
आत येऊ का विचारणाऱ्या पाहुण्यासारखं.
तो बराच वेळ बघत राहिला.
"बसेल हळूहळू," म्हणाला.

फरशी बसली नाही.
दुसऱ्या दिवशी त्याने वायपर आणला,
दारामागे खुंटी ठोकली.
ती मात्र सरळ.

एकतीस वर्षं.
मुलं अक्षरं शिकायच्या आधी पाणी ओढायला शिकली.
पाहुण्यांना टॉवेल देताना आम्ही वायपरही दाखवायचो.
जो ओढायचा विसरला त्याच्याशी
दुपारपर्यंत कोणी बोलायचं नाही.
आणि पहाटे चारला कधी
झोपेत ऐकू यायचं, खर्र, खर्र,
म्हणजे बोट लागली, माणूस घरी आला,
मासळीचा वास धुऊन झाला.
मी कूस बदलून त्याच्यासाठी जागा करायचे.

हे एका ओळीत बसत नव्हतं.
लिहिलं: होय. न्हाणीघर. नवऱ्याने. उतार दाराकडे.

तपासनीस आला, ओद्दवार नावाचा, पायांत लोकरी मोजे.
पाणसळ ठेवली, बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.
भिंतीला यंत्र लावलं, ते ओरडलं.
तो बिचारा हळूच म्हणाला,
"कुठेतरी पाणी मुरतंय."
मला ठाऊक आहे, म्हटलं. कॉफी घेणार?
अहवालात श्रेणी तीन.
तीनच्या पुढे श्रेणी नसते.

मग सजवणारी मुलगी आली.
राखाडी उशा, काचेच्या भांड्यात लिंबं,
आमचे टॉवेल बाहेर, कोणाचेच नसलेले पांढरे आत.
"वायपर तेवढा गाडीत ठेवा."
फोटोत फरशी सुरेख आली.
फोटोत उतार दिसत नाही.

रविवारी बघायला माणसं आली,
बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.
मी खाली रस्त्यावर लेकीच्या गाडीत बसले होते,
वायपर मांडीवर आडवा.
खिडकीत अनोळखी डोकी मोजली, सतरापर्यंत, मग सोडलं.

सोमवारी फोनवर बोली चढली, अडकली, पुन्हा चढली.
घर स्म्योला बेटावरच्या जोडप्याला गेलं.
किल्ल्या घेताना ती म्हणाली,
"आधी न्हाणीघर फोडणार आहोत,"
आणि एकदम लाल झाली.
फोडा, म्हटलं. सांभाळून, नळ त्यानेच जोडलेत.

करारात होतं: भिंतीला ठोकलेलं सगळं घरासोबत जातं.
म्हणजे खुंटी त्यांची.
वायपर माझा.

नवा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे.
न्हाणीघराला प्रमाणपत्र आहे, शिक्का मारलेलं.
नळ बंद केला की पाणी
कोणी न सांगता, आपलं आपण,
वळून मोरीत जातं.
मी उभी असते, हातात कोरडा वायपर.

आंघोळ फार लवकर संपते.